क्रूझर मोटारसायकल घेण्यापूर्वी: आकडे, चाचणी आणि ताबा यांचा योग्य क्रम

क्रूझर, म्हणजे ठेंगण्या सीटची आणि पाय पुढे ठेवून चालवायची मोटारसायकल, घेतल्यावर सहा महिन्यांत ज्यांची पाठ धरते, ज्यांची गाडी घाटात डबलसीट ओढत नाही किंवा गतिरोधकावर ज्यांच्या गाडीचे पोट घासते, ते बहुतेक जण गाडीच वाईट निघाली असे म्हणतात. गाडी क्वचितच वाईट असते. तिची चाचणी उलट्या क्रमाने झालेली असते. आधी सायलेन्सरचा आवाज ऐकला जातो, मग टाकीचा रंग ठरतो, त्यानंतर शोरूममागच्या सपाट रस्त्यावर एकट्याने दोन किलोमीटरची फेरी होते, आणि बुकिंगची रक्कम भरून घरी आल्यावर तांत्रिक माहितीचा कागद उघडला जातो. हा क्रम सुलटा करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी रॉयल एन्फिल्डची मीटिऑर ३५० घेतली आहे, कारण जुन्या वळणाची क्रूझर म्हणून तिचे गुण आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. तुलनेसाठी अधूनमधून बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ आणि रॉयल एन्फिल्डचीच सुपर मीटिऑर ६५० यांचे आकडे येतील. टप्पे मात्र कोणत्याही क्रूझरला तसेच लागू पडतात.

## तयारी: शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी

एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: महिन्यातून किती वेळा मागे कुणी बसणार आहे, रोजच्या वाटेवर चढ आणि गतिरोधक किती आहेत, आणि रात्री गाडी जिथे उभी राहते ती जागा किती रुंद आहे. या तीन उत्तरांपुढे अश्वशक्तीचा आकडा दुय्यम ठरतो.

हे लिहिताना मनातला रस्ता आणि प्रत्यक्षातला रस्ता वेगळे ठेवावेत. क्रूझर ज्या सरळ, मोकळ्या रस्त्यासाठी रचलेली असते, नेमके तेच रस्ते महाराष्ट्रात दुचाकीला बंद आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर मोटारसायकल नेता येत नाही. आपल्या वाट्याला जुना मुंबई–पुणे रस्ता येतो, खंबाटकी आणि ताम्हिणी येतात, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवरचे रंग उडालेले गतिरोधक येतात. चाचणी त्यांच्यासाठीच घ्यायची आहे.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: स्वतःचे हेल्मेट, प्रवासात घालता तेच बूट, मोजपट्टी, वाहन परवाना आणि नेहमी मागे बसणारी व्यक्ती. बुटांचा आग्रह यासाठी की सपाट चपलेने आणि जाड तळव्याच्या बुटाने जमिनीला पाय टेकण्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि गिअरच्या दांड्याखाली बूट शिरतो की अडकतो तेही तेव्हाच कळते.

सावधान: आदल्या दिवशी शोरूमला फोन करून, मी येईपर्यंत चाचणीची गाडी सुरू करू नका, असे सांगून ठेवावे. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळते.

## टप्पा १: आकड्यांचा कागद वाचणे

सर्वाधिक गफलत इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू.

मीटिऑर ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवा आणि तेल यांनी थंड होणारे आहे. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासापेक्षा बरीच लांब आहे. अशा लांब धावेच्या इंजिनाला फार वेगाने फिरणे मानवत नाही, पण कमी फेऱ्यांत ते चांगला जोर देते. कागदावर त्याची ताकद मिनिटाला ६,१०० फेऱ्यांना २०.२ बीएचपी (ब्रेक हॉर्सपॉवर, म्हणजे अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,००० फेऱ्यांना २७ न्यूटन-मीटर अशी असते. ॲव्हेंजर २२० च्या कागदावर ८,५०० फेऱ्यांना १९.०३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि ७,००० फेऱ्यांना १७.५५ न्यूटन-मीटर असे लिहिलेले असते.

पहिली चूक एककाची. बीएचपी आणि पीएस एक नव्हेत; एक पीएस म्हणजे ०.९८६ बीएचपी. ॲव्हेंजरचे १९.०३ पीएस म्हणजे सुमारे १८.८ बीएचपी. फरक किरकोळ आहे, पण एका गाडीचे पीएस दुसरीच्या बीएचपीशी ताडून पाहणारे लोक याच किरकोळ फरकावर तासभर वाद घालतात.

दुसरी चूक मोठी आहे: कमाल ताकदीचा आकडा पाहून दोन्ही गाड्या सारख्याच ओढतील असे मानणे. यासाठी एक हिशेब पाठ करून ठेवावा. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, भागिले ७,१२१, म्हणजे त्या फेऱ्यांना मिळणारी बीएचपी. मीटिऑरला ४,००० फेऱ्यांना हा हिशेब लावला तर २७ गुणिले ४,००० भागिले ७,१२१ म्हणजे सुमारे १५.२ बीएचपी येते. एकूण ताकदीचा तीन-चतुर्थांश वाटा तिथेच हाती आलेला असतो. ॲव्हेंजरचा सर्वाधिक टॉर्कच १७.५५ असल्याने ४,००० फेऱ्यांना तिच्याकडून फार तर ९.९ बीएचपी मिळेल, त्याहून जास्त शक्यच नाही. याचा अर्थ ॲव्हेंजर कमजोर आहे असा नाही. तिचे गिअर त्या हिशेबानेच जुळवलेले असतात आणि ती १६३ किलोची, म्हणजे १९१ किलोच्या मीटिऑरपेक्षा बरीच हलकी आहे. अर्थ एवढाच की तिला जोर हवा असेल तेव्हा गिअर उतरवून इंजिन फिरवावे लागेल, आणि मीटिऑरमध्ये अनेकदा नुसती मूठ पिळून भागेल.

तिसरी चूक रिकाम्या गाडीचे वजन धरण्याची. ७५ किलोचा चालक, ६० किलोची मागची व्यक्ती आणि १५ किलो सामान असे १५० किलो मिळवले की मीटिऑरचे एकूण वजन ३४१ किलो होते, आणि टनामागे सुमारे १०६ बीएचपी असे जे रिकाम्या गाडीचे गणित दिसत होते ते ५९ वर येते. ॲव्हेंजरचे ६० येते, म्हणजे भरल्या गाडीत दोघी बरोबरीच्या. ४६.३ बीएचपी आणि २४१ किलो वजन असलेल्या सुपर मीटिऑरचे मात्र ११८ पर्यंत राहते. ज्यांना दर शनिवारी सामानासह दोघांनी घाट चढायचा आहे, त्यांनी कागद मिटण्याआधी या तीन आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे.

मापांच्या रकान्यात चार गोष्टी पाहाव्यात. सीटची उंची मीटिऑरची ७६५ मिलिमीटर, सुपर मीटिऑरची ७४०, ॲव्हेंजरची ७३७ आहे. दोन चाकांच्या आसांमधले अंतर अनुक्रमे १,४००, १,५०० आणि १,४९० मिलिमीटर. हे अंतर जितके जास्त तितकी गाडी सरळ रस्त्यावर स्थिर आणि गल्लीत वळवायला अवघड. जमिनीपासूनची उंची मीटिऑरची १७० मिलिमीटर, सुपर मीटिऑरची १३५. हा ३५ मिलिमीटरचा फरक गावाकडच्या गतिरोधकावर डबलसीट जाताना बरोबर कळतो. चौथी गोष्ट टाकी: मीटिऑरची १५ लिटरची आहे, आणि लिटरला ३० किलोमीटर धरले तरी कागदावर ४५० किलोमीटर होतात. पंप शोधायला लागेपर्यंतचा पल्ला त्याहून ५०-६० किलोमीटर कमी धरावा.

किमतीबद्दल एकच सूचना. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे ३४९ आणि ६४८ सीसीमधले अंतर आता केवळ इंजिनाचे राहिलेले नाही. तुलना नेहमी ऑन-रोड, म्हणजे कर, नोंदणी आणि विमा धरून होणाऱ्या रकमेचीच करावी.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी, भरल्या गाडीचा आकडा, जमिनीपासूनची उंची आणि ऑन-रोड किंमत या तीन गोष्टी आपल्या कागदावर लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

## टप्पा २: इंजिन बंद ठेवून पंधरा मिनिटे बसणे

या टप्प्याची लोकांना लाज वाटते, विक्रेत्याला कंटाळा येतो, आणि तरीही पाठदुखीचा निम्मा निकाल इथेच लागतो.

साध्या मोटारसायकलवर खड्डा आला की आपण नकळत फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठतो, आणि गुडघे शॉकॲब्सॉर्बरचे काम करतात. क्रूझरचे फूटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे पायांवर उठता येत नाही. जो धक्का मागच्या शॉकॲब्सॉर्बरने गिळला नाही तो सरळ माकडहाडात जातो. म्हणून सीट नुसती मऊ आहे का, एवढ्यावर थांबू नये. अतिमऊ सीट दहा मिनिटे छान वाटते आणि तासाभरात बसकण मारते. पंधरा मिनिटे बसल्यावर कंबर मागे गोलावते आहे का, हँडल धरण्यासाठी खांदे पुढे ओढले जात आहेत का, आणि हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर लांबचा हात ताणला जातो का, ते पाहावे. हात ताणला जात असेल तर यू-टर्नच्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा ताबा सुटेल.

यानंतर गाडी बसल्या जागेवरून पायांनी मागे ढकलून पाहावी. सीट ठेंगणी असल्याने पाय आरामात टेकतात, म्हणून गाडी हलकी वाटते. ती हलकी नसते. सपाट फरशीवर १९१ किलो मागे जातात. किंचित उतार असेल आणि गाडीचे तोंड उताराकडे असेल तर तीच गाडी जागची हलत नाही. ज्यांच्या सोसायटीत पार्किंग उतरत्या जागेत आहे त्यांनी ही कसरत शोरूमच्या रॅम्पवरच करून पाहावी.

गिअरचा दांडा टाच-चवड्याचा असेल, जसा मीटिऑरला आहे, तर बूट दोन्ही दांड्यांच्या मध्ये मोकळा बसतो का तेही आत्ताच पाहावे. मोठ्या मापाचे बूट घालणाऱ्यांचा पाय मागच्या दांड्यावर नकळत पडतो आणि नको तेव्हा वरचा गिअर लागतो.

## टप्पा ३: थंड इंजिन सुरू करणे

सिलेन्सरला आणि इंजिनाच्या कव्हरला न शिवता, जवळ हात नेऊन ते खरोखर थंड असल्याची खात्री करावी. किल्ली फिरवल्यावर एबीएस (जोरात ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), इंजिन आणि तेल यांचे दिवे लागले पाहिजेत. एबीएसचा दिवा गाडी हलेपर्यंत लागलेलाच राहणे योग्य आहे. गाडीने थोडा वेग घेतल्यावर तो विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागलेला राहिला तर ती खोड पुढे ढकलण्यासारखी नाही.

बटण दाबल्यावर इंजिन मूठ न पिळता सुरू व्हावे आणि सुरुवातीला किंचित जास्त फेऱ्यांवर स्थिरावावे. पहिल्या काही सेकंदांत वरच्या बाजूने बारीक टिकटिक ऐकू येणे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात वावगे नाही. टिकटिक तापल्यावर वाढत गेली किंवा धातूवर धातू आपटल्यासारखा जड ठोका आला तर मात्र तिथेच विचारणा करावी.

आवाजाचा आनंद घ्यायचा असेल तर तो आत्ता घ्यावा, आणि निर्णयातून वगळावा.

## टप्पा ४: गर्दीतली फेरी

पहिले पाच किलोमीटर मुद्दाम वाहतुकीतून न्यावेत. हाफ क्लचवर रांगत जाताना डाव्या हाताची बोटे किती लवकर दुखू लागतात, ते मोजावे. २०२५ च्या सुधारित मीटिऑरमध्ये स्लिप-असिस्ट क्लच आला आहे, त्यामुळे तिची मूठ आधीच्या आवृत्तीपेक्षा हलकी लागते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. सिग्नलला उभे राहिल्यावर न्यूट्रल सहज सापडतो का, आणि उजव्या पोटरीला सिलेन्सरची धग किती लागते, हेही इथेच कळते.

त्यानंतर एक यू-टर्न. मोकळ्या, रुंद रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक हलकासा दाबून, क्लच अर्धा सोडून गाडी वळवावी. लांब आसांची गाडी आत झुकवली की ती पडणार असे वाटते आणि नवा चालक पुढचा ब्रेक ओढतो. हँडल वळलेले असताना कमी वेगात पुढचा ब्रेक ओढला की गाडी आडवी होतेच. शोरूमच्या चाचणीगाड्यांच्या लेगगार्डवरचे ओरखडे पाहिले तर हे किती वेळा घडते त्याचा अंदाज येतो.

## टप्पा ५: मोकळ्या रस्त्यावर जोर आणि थरथर

क्रूझरचा खरा गुण तपासण्याची रीत सोपी आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटर वेग स्थिर ठेवावा, मग गिअर न बदलता मूठ हळूहळू उघडून ७० पर्यंत जावे. इंजिनाने न अडखळता, न ठोकता, एकसारखे उचलले तर टॉर्कचा कागदावरचा आकडा खरा ठरला. हीच कसोटी पाचव्यात ५० वरून घ्यावी. त्याहून खाली, पाचव्यात ३०-३५ वर मूठ पिळून पाहू नये: तिथे चेन फटके मारते आणि लांब धावेच्या इंजिनावर विनाकारण ताण येतो. क्रूझर सगळ्या वेगांना वरच्या गिअरमध्येच चालवायची असते हा समज कुठून आला कोण जाणे, पण त्याने बऱ्याच क्लच आणि चेनांचे आयुष्य कमी केले आहे.

आता ८० चा वेग धरून दहा मिनिटे चालवावे. मीटिऑरच्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे या वेगात आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. ९५ च्या पुढे हँडल आणि फूटरेस्टमध्ये थरथर जाणवू लागते, आणि ११० ते ११५ च्या आसपास सपाट रस्त्यावर जोर संपतो. समोर ट्रक असताना ओलांडून जायला किती जागा लागते, हे या चाचणीत नीट पाहून घ्यावे. साडेतीनशे सीसीच्या क्रूझरची हीच सर्वांत महत्त्वाची मर्यादा आहे आणि शोरूममध्ये ती कुणी सांगत नाही. ज्याला तासन् तास १०० च्या पुढे चालवायचे आहे त्याने या वर्गात येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावधान: कमाल वेगाची कसोटी चाचणीगाडीवर, रहदारीत किंवा मर्यादा ओलांडून घेऊ नये. ८० पर्यंत जे कळते ते निर्णयाला पुरते.

## टप्पा ६: ब्रेक, आधी वेगळे आणि मग एकत्र

मागे कुणी नाही याची खात्री करून, कोरड्या, सरळ रस्त्यावर ४० च्या वेगातून आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा आणि शेवटी दोन्ही ब्रेक लावून थांबावे. मीटिऑरला पुढे ३०० आणि मागे २७० मिलिमीटरची डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे. ॲव्हेंजर २२० ला पुढे २८० मिलिमीटरची डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, म्हणजे मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक बंद पडून घसरू शकते.

क्रूझरमध्ये चालकाचे वजन खाली आणि मागे असते, म्हणून मागच्या ब्रेकचा उपयोग साध्या गाडीपेक्षा जास्त होतो. त्यावरून 'क्रूझर मागच्याच ब्रेकवर थांबवायची' असा सल्ला काही जण देतात, तो घातक आहे. जोरात थांबताना भार पुढे जातोच आणि खरे काम पुढची डिस्कच करते. एक गोष्ट मात्र या गाड्यांचीच: फूटरेस्ट पुढे असल्याने मागचा ब्रेक दाबायला अनेकांना अख्खे पाऊल उचलावे लागते. पॅडलची उंची बसवून घेता येते. ते काम ताबा घेताना करून घ्यावे.

## टप्पा ७: डबलसीट आणि घाट

बहुतेक खरेद्या इथे चुकतात, कारण हा टप्पा होतच नाही. माझ्या पहिल्या क्रूझरच्या वेळी मीही तो वगळला होता. गाडी घरी आल्यावर तिसऱ्या रविवारी बायकोला मागे बसवून वरंध घाटाकडे निघालो, आणि भोरच्या पुढे तिने शांतपणे विचारले की ही सीट एकाच माणसासाठी केलेली आहे का. होती तशीच. पुढे चालकाची गादी हातभर रुंद आणि मागे पाटीएवढी फळी. शेवटी गादी बदलून घेतली, आणि तो खर्च बुकिंगच्या आधी पंधरा मिनिटे मागे बसवून पाहिले असते तर वाचला असता.

शोरूम घाटात जाऊ देत नसेल, आणि सहसा देत नाहीच, तर त्याच मॉडेलची गाडी एका दिवसासाठी भाड्याने घ्यावी. पुण्यात तशा मिळतात. गोव्याला जाणारच असाल तर तिथे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या क्रूझर सर्रास असतात, आणि चोर्ला घाट किंवा अनमोड घाट चाचणीला अगदी योग्य आहेत. एका दिवसाचे भाडे हे पुढच्या दहा वर्षांच्या निर्णयासाठी फार नाही.

निघण्यापूर्वी मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग घट्ट करावी. मीटिऑरमध्ये यासाठी सहा पायऱ्या आहेत. एकट्याला पहिली-दुसरी पुरते, दोघांना चौथी किंवा त्यापुढची लागते. टायरची हवाही पुस्तिकेत डबलसीटसाठी दिलेल्या आकड्यावर न्यावी. हे दोन्ही न करता 'शॉकअप कडक आहेत' किंवा 'गाडी खाली आपटते' असा निकाल देणे अन्यायाचे ठरते.

घाटात पुढील क्रम ठेवावा. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबून, मागचा ब्रेक धरून, पुन्हा गाडी उचलून पाहावी. तिसऱ्या गिअरमध्ये चढ निघतो की दर वळणाला दुसरा लावावा लागतो, ते नोंदवावे. दुसरा लागला म्हणून गाडी नापास होत नाही, पण सतत लागत असेल तर टप्पा १ मधला टनामागचा आकडा आठवावा. वळणावर गाडी झुकवताना फूटरेस्ट घासल्याचा आवाज आला तर तो वेग कमी करण्याचा इशारा आहे; खाली आणि पुढे असलेले फूटरेस्ट साध्या गाडीपेक्षा लवकर टेकतात. वळणाच्या आतच दचकून ब्रेक दाबू नये. वेग वळणाआधी उतरवावा. उतरताना गिअरमध्येच राहून इंजिनाने गाडी धरली जाते का ते पाहावे. एका सिलिंडरचे मोठे इंजिन उतारावर गाडी चांगली धरून ठेवते, आणि ब्रेक तापत नाहीत.

तपासा: परतल्यावर आपले मत सांगण्याआधी मागच्या व्यक्तीला विचारावे. पाय कुठे ठेवायचे ते सापडले का, धरायला कडी होती का, साडी किंवा ओढणी चाकाकडे जात होती का? मागच्या सवारासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि निम्मे चाक झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे आवश्यक आहे. शोभेसाठी ती जाळी काढून टाकणाऱ्यांचे अनुकरण करू नये.

## टप्पा ८: सोयी, थोडक्यात

सोयींची यादी लांब असते, पण निर्णयाला दोनच गोष्टी पुरतात. मीटिऑरच्या बहुतेक श्रेणींना मिश्रधातूची चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत. रस्त्यात खिळा लागला तर चाक न काढता पंक्चर निघते. तारांची चाके जुन्या वळणाला शोभतात, पण त्यांत बहुधा ट्यूब असते आणि आडगावी चाक खोलावे लागते. दुसरी गोष्ट वाट दाखवणारे छोटे ट्रिपर यंत्र. ते फोनच्या जोडणीवर चालते आणि पुढचे वळण बाणाने दाखवते. संपूर्ण नकाशाची अपेक्षा ठेवू नये. नुसत्या रंगासाठी वरच्या श्रेणीचे पैसे देणे ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग आहे.

सायलेन्सर बदलण्याची बोलणी मात्र बुकिंगच्या वेळीच थांबवावीत. तो दंडाचा विषय आहे आणि वॉरंटीही अडचणीत येते.

## टप्पा ९: ताबा घेतानाची तपासणी

ही तपासणी दिवसाउजेडी आणि पासिंग होण्यापूर्वी करावी. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मागणे फार कठीण होते, आणि हार घातलेल्या गाडीभोवती पेढे वाटले जात असताना कुणी चासी क्रमांक वाचत नाही.

१. चासी आणि इंजिनावरचे क्रमांक कागदांशी अक्षरशः ताडावेत. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. चार महिन्यांपेक्षा जुनी गाडी असेल तर कारण विचारावे.

२. टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

३. क्रोमवर, विशेषतः सिलेन्सरच्या जोडावर आणि मडगार्डच्या खालच्या कडेला गंजाचे ठिपके आहेत का पाहावे. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हे दोनदा पाहावे. खाऱ्या हवेत ठिपक्याचा डाग व्हायला एक पावसाळा पुरतो.

४. तेलाची पातळी गाडी सरळ उभी धरून पाहावी. साइड स्टँडवर ती चुकीची दिसते, आणि त्या चुकीवरून जास्तीचे तेल ओतले जाते.

५. चेनचा ताण, दोन्ही ब्रेकचे पॅडल आणि मूठ, सगळे दिवे आणि हॉर्न तपासावेत.

विम्याबाबत: नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. शोरूमच्या रकमेची बाहेर तुलना करूनच सही करावी.

## टप्पा १०: पहिले ५०० किलोमीटर

नव्या इंजिनाबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक वर्ग गाडी सुरुवातीपासून ताणतो. दुसरा वर्ग काळजीपोटी पाचव्या गिअरमध्ये ३० वर रखडत नेतो, आणि हा प्रकारही तितकाच वाईट, कारण कमी फेऱ्यांत जड भार हा इंजिनावरचा ताणच असतो. पुस्तिकेत दिलेल्या वेगमर्यादेत राहून वेग सतत बदलत ठेवावा, एकाच वेगावर अर्धा-अर्धा तास जाऊ नये, लांब चढावर डबलसीट टाळावे आणि तासाभराने गाडीला दहा मिनिटे विसावा द्यावा. नवे टायर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत गुळगुळीत असतात, ब्रेकच्या पॅडनाही बसायला वेळ लागतो. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवावे, आणि पावसात तर नक्कीच.

५०० किलोमीटरच्या आसपासची पहिली सर्व्हिस चुकवू नये. पहिल्या तेलात घासून निघालेले धातूचे बारीक कण असतात, म्हणून तेल आणि फिल्टर बदलले गेले की नाही हे समोर उभे राहून पाहावे. त्याच वेळी चेन पुन्हा ताणून घ्यावी, हँडल, आरसे आणि लेगगार्डचे नट-बोल्ट आवळून घ्यावेत, आणि मागची स्प्रिंग कोणत्या पायरीवर ठेवून मिळाली ते विचारून घ्यावे. सर्व्हिसनंतर ती बहुधा पहिल्या पायरीवर गेलेली असते.